बिमला कादियानचं नाक

"दीदी, तुमचं नाक आजवर किती वेळा मोडलंय?"

हा प्रश्न मी बिमला कादियानला विचारायचा, तोही समोर उभं राहून आणि फिदीफिदी न हसता, असं शुक्रवारी टिफिनच्या सुट्टीत ठरलं. ठरवलं मनप्रीत आणि शबनमनं. मी फक्त एवढंच म्हणाले होते की यंदा आमच्या दत्ताकाकांच्या गणपतीला बिमला कादियान येणार आहे. त्यावर माझ्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी तोंडात कोंबत मनप्रीत म्हणाली, "तू पूछेगी? तेरी तो आवाज ही नहीं निकलेगी."

आता मला कुणी असं म्हटलं की संपलंच. आठवीपर्यंत मी हजेरीलासुद्धा बाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू 'प्रेझेंट' म्हणायचे, हे मान्य. पण मी आता नववीत आहे. "पूछूंगी," मी म्हणाले. "लगी शर्त."

नाकाची भानगड अशी होती की बिमलाची नाकं दोन होती. एक्स्प्रेसवेवरच्या होर्डिंगवर ती बिल्डरच्या इमारती ओंजळीत धरून हसते, तिथलं नाक पट्टीनं आखल्यासारखं सरळ. पेपरात रिंगमधला फोटो येतो, त्यातलं डावीकडे कललेलं. खरं कुठलं, यावर आमच्या वर्गात दोन पार्ट्या होत्या.

बाकी बिमला आवडण्याबद्दल मात्र वाद नव्हता. हरियाणातल्या गावातून आलेली, बॉक्सिंगमध्ये आशियाई पदक मिळवलेली. टीव्हीवर तुपाच्या जाहिरातीत ती आईच्या हातची रोटी खाते आणि मग आईला उचलून गोल फिरवते. प्रत्येक मुलाखतीत म्हणते, "मेरे फॅन मेरा परिवार हैं." माझ्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं तिचे फोटो होते. आतल्या बाजूनं, कारण बाहेरच्या बाजूवर आईचा हक्क आहे, आणि तिथं दूधवाल्याचं कॅलेंडर आहे.

पण मला बिमला हवी होती ती वेगळ्याच कामासाठी. इथे दिल्लीत, सरोजिनी नगर मार्केटच्या मागच्या मैदानावर साधना मॅडमनी मुलींसाठी बॉक्सिंगचा क्लास काढला होता. नाव द्यायची शेवटची संधी सोमवारी. मी एक दिवस नुसतं बघायला म्हणून गेले आणि मॅडमनी माझ्या हातात ग्लव्ह्ज चढवले. मी त्यांच्या पॅडवर एक ठोसा मारला. असा काही आवाज आला! फट्ट! मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं वळून बघायला लागली. माझ्यामुळे एवढा मोठा आवाज जगात कधी झाला नव्हता. घरी येईपर्यंत मी रस्ताभर एकटीच हसत होते.

घरी सांगितल्यावर आईचा चेहरा शिट्टी व्हायच्या बेतात आलेल्या कुकरसारखा झाला. "नाक मोडून घेऊन येशील. मुलीच्या जातीला एकदा नाक मोडलं की मोडलं."

बाबा ओरडले नाहीत. ते केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत, ते कशालाच लगेच 'नाही' म्हणत नाहीत. विषय पुढच्या टेबलावर सरकवतात. "दत्ताच्या गणपतीला ती बिमला येतेय ना? तिला बघू. खेळानं मुलगी कशी घडते ते कळेल. जाहिरातीत तरी नम्र वाटते. मग ठरवू."

म्हणजे माझा क्लास आता बिमलाच्या हातात होता. मला वाटलं, जिंकलंच! आईला उचलून गोल फिरवणारी मुलगी बाबांना न आवडून जाईल कुठे?

*

दत्ताकाका आधी लक्ष्मीबाई नगरला आमच्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहायचे. मग त्यांनी सरकारी नोकरी सोडली, मोबाईल कंपनीत गेले आणि गुडगावला फ्लॅट घेतला. त्यांच्या सोसायटीच्या नावात तीन इंग्रजी फुलं आहेत, आणि गॅलरीतून एका बाजूला मॉल दिसतो, दुसऱ्या बाजूला म्हशी. तिथं पंधरावीस मराठी घरं जमल्यावर काकांनी क्लबहाउसमध्ये गणपती सुरू केला. यंदा बिल्डरनं मांडवाचा खर्च उचलला. बदल्यात गणपतीच्या मागे बिल्डरचा एवढा मोठा बॅनर, आणि बॅनरवर बिमला. म्हणजे पुढे बाप्पा, आणि बाप्पाच्या मुकुटावरून बिमलाचं सरळ नाक.

"नमस्कार कुणाला करायचा, तेवढं सांगा," आई म्हणाली.

रविवारी आम्ही नव्या मेट्रोनं आयएनए स्टेशनवरून गेलो. आई, बाबा, मी आणि यशोधनदादा. बिमला पाच वाजता येणार होती, म्हणून साडेचारची आरती थांबवली. पाच वाजले. सहा वाजले. मोदक झाकलेल्या ताटात गार झाले. लहान मुलं सतरंजीवर लोळायला लागली. आई दर थोड्या वेळानं घड्याळाकडे आणि मग बाबांकडे बघायची. "देव ताटकळलाय माणसासाठी," असं ती तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा कुमुदकाकूंनी, म्हणजे दत्ताकाकांच्या बायकोनं, वेगळाच वाद काढला. बिमलाची ओटी भरायची की शाल-श्रीफळ द्यायचं?

"लग्न कुठे झालंय तिचं? ओटी कशी भरणार?"

"मग शालच घाला."

"या उकाड्यात?"

"अहो, पदक मिळवलंय तिनं, शाल सोसेल ती!"

मी कोपऱ्यात पुटपुटत होते. दीदी, तुमचं नाक. दीदी, आपकी नाक. दादानं ऐकलं. "वेडी झालीस का गं?"

शेवटी सात वाजायच्या सुमाराला ती आली. आधी एक टाय लावलेला माणूस धावत आत आला. तो बिल्डरचा खन्ना. मग फोटोग्राफर. मग बिमला. निळा ट्रॅकसूट, उजवा हात जॅकेटच्या खिशात. आणि नाक डावीकडे कललेलं! चांगलं ठसठशीत कललेलं. माझी पार्टी जिंकली. माझ्या अंगावर काटा आला, इतकी ती खरी होती.

खन्ना म्हणाला, "स्माइल, बिमलाजी." ती हसली. तेच होर्डिंगवालं हसू. फ्लॅश उडाला. हसू गेलं. पुन्हा "स्माइल," पुन्हा आलं, पुन्हा गेलं. आमच्या जिन्यातला दिवा लूज कॉन्टॅक्टमुळे असाच लागतो-विझतो. मी बाबांकडे बघितलं. बाबासुद्धा तेच बघत होते.

आरती झाली. सगळे टाळ्या वाजवत होते, ती नाही. तिचा हात खिशातच. कुमुदकाकूंनी प्रसादाचा मोदक पुढे केला, आणि बिमलानं तो डाव्या हातानं घेतला.

डाव्या हातानं! गणपतीसमोर! कुमुदकाकूंचा हात तसाच हवेत राहिला. आईनं श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. मी मनात म्हटलं, बिमलादीदी, प्लीज यार, उजवा हात काढ ना बाहेर, काय जातंय तुझं?

नारळ दिला, तो खन्नानं घेतला. शाल घातली, ती खांद्यावरून घसरली, तिनं उचलली नाही. मग दत्ताकाका पुढे झाले आणि जाहीर केलं, "अब सब लोग एक-एक करके फोटो खिचवाएंगे!" काकांनी हस्तांदोलनाला हात पुढे केला. तिनं नुसती मान हलवली. काकांना ते कळलंच नाही. ते हसत तिच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मेरे जबड़े पे मुक्का लगाओ. झूठमूठ का. फोटो के लिए."

"नहीं," बिमला म्हणाली.

"अरे, सिर्फ पोज! अच्छा चलो, उल्टा करते हैं. मैं आपकी नाक पे मारता हूं!" आणि काकांनी खरोखर मूठ वळून तिच्या नाकाजवळ नेली. सगळे हसायला लागले.

बिमला झटकन मागे सरली. "हाथ पीछे कर, अंकल!"

केवढ्यानं ओरडली ती! पुढे बसलेला एक छोटा भोकाड पसरून रडायला लागला. दत्ताकाकांची मूठ अजून वर, आणि चेहरा असा, की गेली कित्येक वर्षं कुणी त्यांना 'कर' म्हटलं नसावं. खन्ना मध्ये पडला. "मॅडम थोडी थकी हुई हैं, हें हें, ट्रेनिंग!" आणि मॅडम सरळ वळल्या आणि चपला-बुटांच्या ढिगाकडे निघाल्या.

मला रडू येईल असं वाटलं, पण आला राग. दोन तास! दोन तास आम्ही हिची वाट बघितली. हिच्यासाठी बाप्पा ताटकळला. हिच्यासाठी मी कपाटाचं दार आतून भरलं. आणि ही एक फोटो देऊ शकत नाही? मेरे फॅन मेरा परिवार हैं म्हणे! असं परिवारावर कोण खेकसतं? (कोण खेकसत नाही, हा विचार नंतर आला.) आणि बाबांनी तर निकाल लावलाच होता. त्यांच्या कपाळावर मला तो वाचता येत होता.

मी उठले आणि तिच्या मागे गेले.

*

क्लबहाउसच्या मागच्या दाराशी बुटांचा ढीग होता. खन्ना गाडी बोलवायला बाहेर गेला होता. बिमला पायरीवर बसून बूट घालत होती आणि माझ्याकडे तिची पाठ होती. मी ठरवलं होतं की तोंडावर सुनावायचं. पण मी पुढे गेले आणि बघितलं, तर ती एका हातानं नाडी बांधत होती. डाव्या हातानं. नाडीचं एक टोक दातात धरलेलं.

उजवा हात मांडीवर होता. खिशातून पहिल्यांदाच बाहेर आलेला. बोटांच्या मुळाशी पांढरी पट्टी, आणि पट्टीच्या वर हात डोशाच्या पिठासारखा फुगलेला. जांभळा.

तिनं मला बघितलं आणि हात खिशात घातला. "क्या है?"

मला सुनावायचं होतं ते सगळं राहिलं, आणि जे पाठ केलं होतं तेच बाहेर आलं. "दीदी, आपकी नाक कितनी बार टूटी है?"

मला वाटलं, आता मी मेले. पण तिनं नाकाला बोट लावलं. मग म्हणाली, "दो बार."

"दोन्ही वेळा रिंगमध्ये?" मी मराठीतच बोलले, घाबरले की माझं तसं होतं. तिला तेवढं कळलं.

"एक बार रिंग में. एक बार फोटो में." तिनं मांडवाकडे मान उडवली. "तेरे अंकल जैसा था एक. रोहतक में, शादी में. बोला पोज है. पीछे से किसी ने धक्का दिया उसको." तिनं डाव्या हातानं मूठ करून नाकाला लावून दाखवली. "ट्रायल छूट गया मेरा. अंकल ने फोटो फ्रेम करवाई होगी."

आणि हात? मी विचारलं नाही, नुसतं खिशाकडे बघितलं.

"किसी को बोलना मत," ती म्हणाली. विनंती नव्हती ती, हुकूम होता. "अगले महीने ट्रायल है. पता चल गया तो बुलाएंगे ही नहीं. बिल्डर भी नहीं. समझी?"

समजलं. ट्रायल म्हणजे संघाची निवड. हात बाहेर असता तर प्रत्येक जण तो धरून हलवणार, म्हणून तो खिशात होता, आणि म्हणून मोदक डाव्या हातात गेला, हे सगळं मला एकदम समजलं. मी खाली बसले आणि तिच्या बुटाची नाडी बांधायला घेतली. मनात म्हटलं, आता ती विरघळेल. जाहिरातीत अशाच वेळी संगीत सुरू होतं.

"ढीली है," बिमला म्हणाली. "फिर से बांध."

थँक्यू नाही, नाव विचारणं नाही. फिर से बांध! मी बांधली. घट्ट. आणि एवढं केलंच आहे तर म्हणून मी माझं काम काढलं. भराभर सांगितलं. साधना मॅडम, पॅड, फट्ट आवाज, सोमवार, आई, नाक, बाबा. "दीदी, फक्त दोन मिनिटं. बाबांशी बोला ना. म्हणजे, मेरे पापा को बस इतना बोल दो कि लड़कियां बॉक्सिंग कर सकती हैं. आप बोलोगी तो मान जाएंगे."

"मैं क्यों बोलूं?"

"क्योंकि... आप बिमला कादियान हो."

"तो?" ती उभी राहिली, बुटाचं टोक जमिनीवर आपटून बघितलं. "मेरा बाप तो मेरे से ही नहीं मानता. तेरे वाले को मैं कहां से मनाऊं? तू बोल."

आणि गेली.

अजून संपलं नाही. मी तशीच तिच्या मागे फाटकापर्यंत गेले, का ते मला माहीत नाही. गाडीजवळ फोटोग्राफर उभा होता. बाहेरच्या रस्त्यावरून जाणारी कुणीतरी एक मुलगी "बिमलादीदी!" करून किंचाळली. खन्ना म्हणाला, "स्माइल." बिमला हसली आणि डाव्या हातानं तिला जवळ घेतलं. फ्लॅश!

तिला मिठी! जिनं काहीही केलं नाही तिला! नाडी बांधली मी, गुपित सांभाळायचं मी, आणि पेपरात फोटो हिचा! मी फाटकावर एक लाथ घातली. पाय दुखला.

*

आयएनएला उतरून घराकडे चालायला लागलो तेव्हा आईनं सुरुवात केली. "डाव्या हातानं प्रसाद! मी जन्मात बघितलं नव्हतं."

"आणि दत्ताला सरळ अरेतुरे," बाबा म्हणाले. "जाहिरातीत काय ते हसणं, आईला काय उचलणं. सगळा देखावा. सुरुची, बघितलंस ना तू? मारामारी शिकली की माणसाचा स्वभाव असा होतो. उद्याचं ते क्लासचं आता राहू दे."

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. बाबा, तिचा हात सुजलाय. झालं असतं! आईनं 'अगं बाई' म्हटलं असतं. बाबांनी मान डोलावली असती, बिमला पुन्हा नम्र झाली असती, आणि मला क्लास मिळाला असता. एक वाक्य! ते जिभेवर होतं. आणि मी ते गिळलं, कारण तिच्या ट्रायलचं वाटोळं करून मला माझा क्लास नको होता. (आता ट्रायल होऊन गेल्या. म्हणून लिहितेय.)

इतका राग मला कुणाचाच कधी आला नव्हता. आधी तिचा. मग दत्ताकाकांचा. मग त्या खन्नाचा. घराचं कुलूप उघडून आत येईपर्यंत रागाची गाडी फिरत फिरत बरोब्बर समोरच्या खुर्चीपाशी येऊन थांबली. तिथं बाबा मोजे काढत होते.

"बाबा, मला एक सांगा. दादाचा तो लाडका बॉलर. त्यानं परवा विमानतळावर एका मुलाचा मोबाईल हिसकावून फेकला. टीव्हीवर आपण सगळ्यांनी बघितलं."

"माझं नाव कशाला?" दादा म्हणाला.

"तू थांब रे. तेव्हा तुम्ही दादाला म्हणालात का, की यशोधन, उद्यापासून क्रिकेट बंद, क्रिकेटनं स्वभाव बिघडतो?"

बाबांचा एक मोजा हातात राहिला. "ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

"आवाज खाली," आई म्हणाली. "शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! आई, तुला नाकाची काळजी आहे ना? मी विचारलं तिला. दोनदा मोडलंय. एकदा रिंगमध्ये, आणि एकदा फोटो काढताना. दत्ताकाकांसारखाच कुणीतरी होता, पोज म्हणून मूठ नाकाजवळ नेली आणि लागली. मग आता काय करायचं? बॉक्सिंग बंद, तर दत्ताकाकांकडे जाणंही बंद करायचं का?"

दादा फस्सकन हसला आणि आईनं बघितल्यावर खोकल्यासारखं केलं.

"तिनं सांगितलं तुला हे?" बाबा म्हणाले. "तुझ्याशी बोलली ती?"

"बोलली. गोड नाही बोलली. मला आवडलीसुद्धा नाही ती, खरं सांगू? एकदम खडूस आहे. मी तिच्या बुटाची नाडी बांधली तर म्हणाली, ढिली आहे. मी तिला म्हटलं, माझ्या बाबांना समजवा, तर म्हणाली, तू बोल." इथं माझा आवाज जरा फाटला, पण मी थांबले नाही. "तर मी बोलतेय. ती चांगली असती म्हणून मला क्लास मिळणार होता, आणि ती वाईट निघाली म्हणून जाणार. मी कुठे आहे यात? पॅडवरचा तो आवाज तिचा नव्हता, माझा होता."

बाबांनी हातातला मोजा नीट घडी करून ठेवला. मोज्याची घडी कुणी करत नाही.

"विचार करू," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी..."

"नाही बाबा, पुढच्या टेबलावर नाही." मी कपाट उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूचे बिमलाचे हसरे फोटो एकेक करून काढले. रिंगमधला, वाकड्या नाकाचा, तेवढा राहू दिला. मग वळले. "मी ठरवलंय. उद्या शाळा सुटल्यावर मी साधना मॅडमकडे नाव देणार. परवापासून पहाटे मैदानावर जाणार. बाबा, तुम्ही सोडायला आलात तर मला आवडेल, नाही आलात तर मनप्रीतच्या आईच्या स्कूटरवर जाईन. आई, प्रसाद मी नेहमी उजव्या हातानं घेईन, हे वचन. नाकाचं वचन नाही देत."